जन्माच्या नोंदीची नक्कल

आमच्या घरात तिघांचे वाढदिवस एकाच दिवशी येतात, आणि तिघांपैकी एकाचाही जन्म त्या दिवशी झालेला नाही. वडील, मोठी बहीण आणि मी, तिघांच्याही शाळेच्या दाखल्यावर १ जून ही तारीख आहे. जूनमध्ये शाळा उघडायच्या. गुरुजी पोराकडे एकदा पाहायचे, मनाशी वर्षे मोजायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. मी प्रत्यक्षात धानकापणीच्या दिवसांत जन्मलो. वडिलांच्या बाबतीत आजीचे म्हणणे असे : "चांद्याच्या दीक्षेले तुह्या बापाले कडेवर घेऊन गेली होती मी. तेव्हा त्याले दात येत होते." चांद्याची दीक्षा १६ ऑक्टोबर १९५६ रोजी झाली. मुलाला दात साधारण सहा-आठ महिन्यांत येतात. तेव्हा वडिलांचा जन्म १९५६ च्या आरंभीचा धरावा लागतो. शाळेत मात्र १ जून १९५४ लिहिले आहे. मी इतिहास शिकवतो, आणि इतिहासाच्या कसोटीवर मला आजीचा पुरावा शाळेच्या पुराव्यापेक्षा सरस वाटतो. तिच्या विधानात एक ज्ञात तारीख आहे आणि मुलाच्या शरीरातली एक खूण आहे. गुरुजींच्या विधानात फक्त शाई आहे. पण न्यायालयात उद्या प्रश्न आलाच, तर आजीचे ऐकले जाईल आणि शाई ग्राह्य धरली जाईल. किंवा दोन्ही फेटाळले जातील.

वडिलांचा सारा जन्म बांबूच्या डेपोवर गेला. त्यांना वय सिद्ध करण्याची पाळी फारशी आली नाही. जिच्यावर अत्याचार झाला आहे अशा गरीब मुलीवर मात्र ती येते, आणि तेथे दोन वर्षांच्या फरकाने सगळा खटला उलटतो. हा प्रश्न आपल्या जिल्ह्यांना नवीन नाही. ह्या देशातला सर्वांत गाजलेला असा खटला आपल्याच मातीतला आहे. आपण तो दुसऱ्याच कारणासाठी लक्षात ठेवला आहे, एवढेच.

बल्लारशाहून गोंदियाच्या गाडीत बसले की मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी ओलांडून वडसा येते. वडसा म्हणजेच देसाईगंज. झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांचे गाव म्हणून ते आपल्याला ठाऊक असते. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत गडचिरोली हा जिल्हाच नव्हता, सारा मुलूख चंद्रपूरचा. ह्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री एका मुलीवर पोलिसाने बलात्कार केल्याची फिर्याद झाली. पुढे तो खटला 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' ह्या नावाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. चळवळीत तो मुलीच्या नावाने ओळखला जातो. मी ते नाव येथे लिहिणार नाही. पीडितेचे नाव छापण्यास १९८३ पासून कायद्याने बंदी आहे, आणि ती बंदी ज्या आंदोलनाने आणली ते आंदोलन ह्याच मुलीच्या खटल्यावरून उभे राहिले. तिच्याच बाबतीत ती मोडावी हे मला बरे वाटत नाही.

मुलगी पोरकी होती. भाऊ मजूर, तीही मजूर. ज्या घरी ती कामाला जाई त्या घरच्या एका तरुणाशी तिचे सूत जुळले आणि दोघांनी लग्न करायचे ठरवले. भावाने ठाण्यात जाऊन बहिणीला पळवून नेल्याची तक्रार दिली. रात्री नऊच्या सुमारास सगळ्यांना ठाण्यात आणले गेले. तक्रार लिहिणाऱ्या हेड कॉन्स्टेबलने दोघांचे जबाब घेतले. तोवर साडेदहा झाले होते. त्याने सर्वांना घरी जायला सांगितले, भावाला बहिणीच्या जन्माच्या नोंदीची नक्कल आणून देण्याची सूचना केली आणि तो जेवायला घरी गेला. मंडळी निघाली तेव्हा ठाण्यावरच्या दोन पोलिसांनी मुलीला थांबवून घेतले व बाकीच्यांना बाहेर काढले.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात ही नक्कल एका उपवाक्यात येऊन जाते. मी ते निकालपत्र विद्यार्थिदशेत वाचले, नंतर शिकवण्यासाठी वाचले, आणि कितीतरी वेळा ह्या उपवाक्यावरून पुढे गेलो. आता मला सगळा खटला त्यातच दिसतो. पोलिसाने नक्कल मागितली ती कशासाठी? पळवून नेण्याच्या गुन्ह्यात मुलगी १८ वर्षांखालची असली की तिची इच्छा विचारात घेतली जात नाही, पालकाच्या ताब्यातून तिला नेणे हाच गुन्हा होतो. म्हणजे कागद हवा होता तो तिने स्वतः निवडलेला नवरा तिच्यापासून सोडवण्यासाठी. त्यानंतर थोड्याच वेळात जे घडले त्याच्या खटल्यातही तिचे वयच निर्णायक होते. दंडसंहितेप्रमाणे १९४९ पासून १६ वर्षांखालील मुलीची संमती असो वा नसो, तो बलात्कारच होता. एकाच रात्री, एकाच ठाण्यात, एकाच मुलीच्या वयाला दोन कामे होती. पहिल्या कामासाठी राज्ययंत्रणेला कागदाची आठवण लगेच झाली.

दुसऱ्या दिवशी, २७ मार्चला, रात्री आठ वाजता डॉक्टरांनी तिला तपासले आणि वय १४ ते १६ च्या दरम्यान असल्याचे मत दिले. ह्या अंदाजाची दोन्ही टोके पाहा. वरचे टोक सोळाला टेकते, पलीकडे जात नाही. तरीही चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १ जून १९७४ रोजी (होय, १ जूनच) निकाल देताना म्हटले की घटनेच्या दिवशी मुलगी १६ वर्षांखालची होती हे सिद्ध करणारा समाधानकारक पुरावा नाही. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला, एका पोलिसाला पाच वर्षांची आणि दुसऱ्याला एका वर्षाची शिक्षा दिली. पण वयाबाबतचे सत्र न्यायालयाचे मत उच्च न्यायालयानेही तसेच ठेवले. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही सोडून दिले. अंगावर जखमा नव्हत्या, तेव्हा प्रतिकार झाला नसावा, तेव्हा संमती असावी, असा तो युक्तिवाद.

उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर ह्या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी १९७९ च्या सप्टेंबरमध्ये सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले आणि देशभर आंदोलन पेटले ते ह्या संमतीच्या मुद्द्यावर. शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, हे त्या पत्राने ठासून सांगितले. १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्काराला वेगळे कलम मिळाले, आणि शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर बाईने संमती नव्हती म्हटले तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, अशी तरतूद आली. हे मोठेच काम झाले. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ह्या खटल्यात संमतीचा प्रश्न उभा राहिला तो वयाचा मुद्दा आधीच हरला होता म्हणून. १६ वर्षांखालचे वय सिद्ध झाले असते तर जखमा होत्या की नव्हत्या, ती ओरडली की नाही, तिचे आधी कोणाशी संबंध होते, ह्यांतले काहीच विचारण्याचे कारण उरले नसते. कायदा बदलला तो संमतीचा. वय सिद्ध करण्याची वाट होती तशीच राहिली.

येथे आपल्या स्वतःच्या चळवळीविषयीही बोलले पाहिजे. दलित पँथरचा जन्म १९७२ चा, म्हणजे देसाईगंजच्याच वर्षाचा. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला त्याच्या काही आठवडे आधी, २७ जुलै १९७८ ला, नामांतराचा ठराव झाला होता आणि मराठवाड्यात आपली घरे जळत होती. तेव्हा लक्ष तिकडे असणे स्वाभाविक होते. पण नंतरही, मी विद्यार्थी असताना, हा खटला 'आपला' म्हणून मला कोणी सांगितला नाही. तो स्त्रीमुक्तीवाल्यांचा, शहरातल्यांचा, अशीच माझी समजूत होती. वडशाला गाडी बल्लारशावरून जाते आणि ती मुलगी माझ्या वडिलांच्या वयाची आहे, हे माझ्या फार उशिरा ध्यानी आले.

खरेच वडिलांच्या वयाची. १९७२ च्या मार्चमध्ये १४ ते १६, म्हणजे जन्म १९५६ ते ५८ चा. त्या काळात आपला जिल्हा कोठे होता? १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, नंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात, १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. साडेतीन वर्षांत तीन राज्ये. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा देशभरचा कायदा १९६९ चा. त्याआधी आपल्याकडे खेड्यातला जन्म लिहिला जाई तो कोतवालाच्या पुस्तकात.

ह्या कोतवालाविषयी थोडे सांगतो, कारण तो आपलाच माणूस होता. मध्य प्रांतात गावची राखण करणारा कोतवाल अनेक गावी महारच असे. गावात कोण जन्मले, कोण मेले, ह्याची वर्दी ठाण्यावर देणे हे त्याचे काम. ज्याला गावाच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते तो साऱ्या गावाचे जन्म काखेत घेऊन मैलोन्‌मैल चालत होता! त्याला स्वतःला बहुधा लिहिता येत नसे, लिहून घ्यावे लागे. आणि लिहिले काय जाई? बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी. मुलाचे नाव पुष्कळदा नसेच, कारण बारसे अजून झालेले नसे. जातीचा दाखला काढताना ह्याच कोतवाल बुकाच्या नकलेसाठी तहसिलीत हेलपाटे घातलेले कितीतरी वाचक असतील. आपल्याला तेव्हा जातीचा रकाना हवा असतो, नावाची उणीव जाचत नाही. पण त्याच नोंदीवर मुलीचे वय सिद्ध करायला जा. 'अमक्याला मुलगी झाली.' कोणती मुलगी? थोरली की धाकटी, जगलेली की गेलेली? उलटतपासणी तेथेच सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. जात सिद्ध करण्यास पुरेसा असलेला कागद वय सिद्ध करण्यास अपुरा ठरतो.

वयाची रेषा स्वतः मात्र सारखी वर सरकत राहिली. १८६० च्या दंडसंहितेत ती १० वर्षांची होती. कलकत्त्यात फुलमणी नावाची बालवधू नवऱ्याच्या बळजबरीने मेली, पण ती दहा ओलांडलेली असल्याने बलात्काराचे कलम लागू झाले नाही. त्यानंतर १८९१ मध्ये ती रेषा १२ वर आली. आपल्याकडे टिळकांनी त्या विधेयकाला किती विरोध केला हे सर्वश्रुत आहे. धर्मात सरकारचा हात नको, हा मुद्दा होताच. त्याखेरीज विरोधक असेही विचारीत की जन्माची नोंदच नाही तेथे वय कसे ठरवणार? प्रश्न खोटा नव्हता. पण त्याचे उत्तर 'नोंद सुरू करा' असे असायला हवे होते, 'कायदा नको' असे नव्हे. १९२५ मध्ये १४, १९४९ मध्ये १६, २०१२ च्या बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या कायद्याने, म्हणजे पोक्सोने, १८. दीडशे वर्षांत आठ वर्षे वाढली. रेषा ओलांडली की नाही हे मोजण्याची काठी खेड्यापाड्यांत मात्र पोचायची राहिली.

मग न्यायालयांनी काय केले? शाळेच्या रजिस्टरवर त्यांचा पूर्ण विश्वास कधीच नव्हता. १९८८ च्या बिराद मल सिंघवी निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की रजिस्टरातल्या जन्मतारखेला, ती सांगणाऱ्याची साक्ष झाल्याखेरीज, फारसे मोल नाही. हाडांच्या क्ष-किरण तपासणीत दोन्ही बाजूंनी दोन-दोन वर्षांची चूक होऊ शकते, हे सूत्र १९८२ च्या जया माला प्रकरणातले. ते वाक्य लिहिले गेले होते स्थानबद्ध केलेल्या एका तरुण मुलाच्या बाजूने. पुढे तेच वाक्य मुलींच्या विरोधात वापरले जाऊ लागले. मुलग्याला दोन वर्षे खाली आणणारी सूट मुलीला दोन वर्षे वर नेऊ लागली.

२०१३ मध्ये जर्नेल सिंग विरुद्ध हरियाणा राज्य ह्या निकालाने वाट काहीशी सुकर केली. आरोपी मुलगा बालक आहे की नाही हे ज्या नियमांनी ठरते, तेच नियम पीडित मुलीलाही लावा, असे न्यायालयाने सांगितले. आता २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ९४ लागते : आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तेही नसेल तरच हाडांची तपासणी. शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे जन्मतारखेचा दाखला नव्हे, हे २०२३ मध्ये पी. युवप्रकाश निकालाने बजावले. आधारकार्डही जन्मतारखेचा पुरावा नाही, असे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २०२४ रोजी ठरवले की पोक्सोच्या खटल्यात हाडांवरून वय काढायचे असेल तर अंदाजाचे वरचे टोक धरावे आणि त्यात आणखी दोन वर्षे मिळवावीत. शंकेचा फायदा आरोपीला.

हे गणित मी वर्गात फळ्यावर मांडतो. देसाईगंजच्या मुलीचे वय १४ ते १६. वरचे टोक १६. अधिक दोन, १८. आजची मर्यादा १८ वर्षांखाली अशी आहे. १९७२ ची ती मुलगी ह्या हिशेबाने आजही सज्ञान ठरते. वयाची मर्यादा दोन वर्षांनी वर गेली, आणि जिच्याजवळ कागद नाही तिचे वयही बरोबर दोन वर्षांनी वर गेले.

ह्यावर माझे विद्यार्थीच मला अडवतात, आणि त्यांचे म्हणणे मी टाळू शकत नाही. शंकेचा फायदा आरोपीला मिळतो हे तत्त्व सोडायचे का? तुरुंगात कोण आहेत? आपलीच पोरे. आपल्या वस्तीतला एखादा मुलगा वरच्या जातीच्या मुलीबरोबर निघून जातो, बाप तिचे वय दोन वर्षांनी कमी लिहवतो आणि पोरगा पोक्सोत अडकतो, हे आम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. देसाईगंजलाही मूळ तक्रार पळवून नेल्याचीच होती. म्हणून मी तत्त्व सोडा असे म्हणत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. जन्माची नोंद ठेवणे हे राज्याचे काम आहे. ते त्याने केले नाही म्हणून शंका उत्पन्न झाली. ह्या शंकेची किंमत मात्र मुलीने मोजायची. देसाईगंजला तर ज्यांच्यावर आरोप होता ते राज्याचेच नोकर होते. मग आरोपीला जो फायदा मिळाला तो व्यवहारात राज्यालाच आपल्या हलगर्जीपणाचा मिळालेला फायदा नव्हता काय?

आमच्या बल्लारपुरात १९४५ पासून कागदाचा कारखाना आहे. ह्याच जंगलांतला बांबू कापून, वाहून, कुजवून कागद होतो हे लहानपणापासून आमच्या नाकाला माहीत आहे. त्याविषयी अधिक लिहीत नाही, तो उपरोध कोणालाही सुचेल.

काही वर्षांपूर्वी एका गावच्या बाईबरोबर मी तिच्या मुलीच्या खटल्यासाठी हिंडलो. गाव, वर्ष, न्यायालय, काहीच सांगणार नाही. मुलीची पहिलीची तारीख १ जून होती. मुख्याध्यापकांना साक्षीला बोलावले. ते सज्जन गृहस्थ दाखल-खारीज रजिस्टर छातीशी धरून उभे होते. बचावाच्या वकिलाने दोनच प्रश्न विचारले. ही नोंद तुमच्या हातची आहे का? नाही, माझ्या आधीच्या गुरुजींची. तारीख त्यांना कोणी सांगितली? ते मी कसे सांगू? प्रवेशाचा अर्ज, ज्यावर बापाचा अंगठा असायला हवा होता, तो पावसात भिजून गेलेला. बापही वारलेला. ग्रामपंचायतीत नोंद सापडेना, कारण बाळंतपण माहेरी, दुसऱ्या तालुक्यात झालेले, आणि तेथे जाऊन पाहण्याचे तपासणाऱ्या अधिकाऱ्याला सुचले नाही. हाडांच्या तपासणीत सोळा ते सतरा निघाले. त्यावर दोन वर्षे चढली. वय सिद्ध झाले नाही, आणि मग संमती, ओरडणे, जखमा, हे सगळे क्रमाने आलेच.

२०२३ च्या दुरुस्तीने जन्मदाखल्याला शाळाप्रवेशापासून बऱ्याच कामांसाठी एकमेव पुरावा ठरवले आहे, पण तो १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी. ती मुले अठरा वर्षांची होतील २०४१ मध्ये. तोवर न्यायालयात उभ्या राहणाऱ्या मुलींचे कागद जुनेच असणार. म्हणून कार्यकर्त्यांना आणि शिक्षक मित्रांना माझे सांगणे रोकडे आहे. पहिलीच्या प्रवेशाचे अर्ज जपा. तारीख कोणी व कशावरून सांगितली हे तेथेच लिहून सही घ्या. माहेरच्या गावची ग्रामपंचायत तपासा. घटना कळल्यावर पहिल्या आठवड्यात हे करा, साक्षीच्या दिवशी नव्हे. अंगणवाडीचे रजिस्टर, नर्सबाईची वही, लसीचे कार्ड ह्यांना कलम ९४ च्या यादीत जागा नाही, हे खरे. पण शाळेच्या तारखेला ते टेकू देतात, आणि टेकूशिवाय ती तारीख उभी राहत नाही.

हे शहाणपण मला निकालानंतर आले. त्या दिवशी न्यायालयातून आम्ही बसस्थानकावर आलो. बस यायला वेळ होता. बाईने पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले एक पिवळे कार्ड काढले. मुलीच्या लसीचे. पहिल्या डोसाची तारीख नर्सच्या अक्षरात, जन्मतारखेच्या रकान्यात दिवस, महिना, वर्ष. १ जून नव्हे. मी बोटांवर मोजले. घटनेच्या दिवशी मुलगी पंधरा वर्षे आणि चार महिन्यांची होती. आम्ही सारे इतके महिने हिंडलो, जबाब झाले, साक्षी झाल्या, आणि तिला हे कार्ड कोणी मागितले नव्हते. मीही नाही.

तिने ते माझ्यापुढे धरले आणि विचारले, "हा कागद चालते का जी, सर?"